दुधाच्या फॅटपासून कॅन्सर तपासणीच्या फोनपर्यंत : आमची वाटचाल

आमचं ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि सुरुवातीची बरीच वर्षं धंदा एकच, गावोगावच्या दूध संस्थांना सॉफ्टवेअर द्यायचं. फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती, दहा दिवसांचं बिल किती झालं याचा मेसेज सभासदाच्या मोबाईलवर. पण खातं बाईच्या नावावर असलं तरी मेसेज वाचणार पोरगा नाहीतर नवरा, म्हणून मग मेसेजच्या जोडीला आवाजाचा फोन सुरू केला आणि तो लई चालला. पुढचं सगळं तिथूनच निघालं.

एका ट्रस्टच्या दवाखान्यानं शाहूवाडी, गगनबावड्याकडं वाड्यावस्त्यांवर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी शिबिरं लावली होती आणि बायका येत नव्हत्या, म्हणून ते आमच्याकडं आले. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हावी असं ठरलेलंय, आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयातल्या ज्या बायकांची पिशवीच्या तोंडाची तपासणी एकदा तरी झालीय त्या देशभरात फक्त १.९ टक्के, आणि स्तनाची तपासणी झालेल्या एक टक्कासुद्धा नाहीत. बरं पिशवीच्या तोंडाच्या तपासणीला मोठं मशीनबिशीन लागत नाही. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतोय का बघायचं, झालं. टाटा मेमोरियल या मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यात ही तपासणी दहावी शिकलेल्या ताईंनी ट्रेनिंग घेऊन केली आणि पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

दवाखान्याची पहिली मागणी होती की फोनवर कॅन्सर किती वाईट ते सांगा. आम्ही म्हटलं भीती घालून बाई अजून लांब जाईल, आधी तिला काय विचारायचंय ते बघू. मग आमच्या दोघी पोरी आशाताईंबरोबर फिरल्या आणि प्रश्न गोळा करून आणले. तपासणारी बाई आहे का डॉक्टर पुरुष, कपडे किती काढायला लागतील, एका दिवसाचा रोज बुडेल तो कोण देणार, काय निघालंच तर पुढचा खर्च कुणाचा. आणि ऊसतोडीच्या बायकांचा सगळ्यात मोठा प्रश्न, तपासायला गेलं की पिशवी काढा म्हणतील का? ही भीती उगीचची नाही हो, बीडकडच्या तोडकरी बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये राज्यभर गाजल्या, विधान परिषदेपर्यंत विषय गेला, आणि त्यातलीच टोळी हंगामात आपल्या कारखान्याला येते. त्यामुळं आमचा असिस्टंट, म्हणजे फोनवर बोलणारं मशीन, पहिल्या मिनिटातच सांगतो की इथं नुसती तपासणी हाय, ऑपरेशन नाही, आणि पुढं काय करायचं ते तुम्हाला विचारल्याबिगर ठरणार नाही. हे वाक्य आम्ही दवाखान्याकडून लेखी घेतलं, मगच टाकलं.

अमेरिकेत फ्लोरिडा युनिव्हर्सिटीनं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी ॲलेक्स नावाचं स्क्रीनवर बोलणारं पात्र केलंय, काळं-गोरं, बाई-पुरुष अशा वेगवेगळ्या रूपांत, कारण आपल्यासारख्या दिसणाऱ्याचं माणूस जास्त ऐकतं. आमच्याकडं स्क्रीनच नाही, साधा फोन, तोही घरात एक, मग आपलेपणा आवाजातच आणायचा. भुदरगडच्या एका रिटायर्ड नर्सबाईंचा आवाज घेतला. त्या "व्हय, या की" म्हणतात ते शहरातल्या कुठल्या आर्टिस्टला जमणार नाही.

फोन पुरुषानं उचलला तर असिस्टंट फक्त एवढंच म्हणतो की आरोग्य शिबिराबद्दल ताईंशी बोलायचंय, पुढचा एक शब्द नाही. धारेच्या वेळी फोन जात नाही, दुपारी भांडी आवरल्यावर जातो. सुरुवातीला गावच्या आशाताईंचं नाव येतं, नाहीतर मध्यंतरी सायबर फ्रॉडची कॉलर ट्यून ऐकून ऐकून लोक अनोळखी नंबर कटच करायला लागलेत. तंबाखू खाता का विचारलं तर बाई नाही म्हणते, मिश्री लावता का विचारलं की व्हय की, सकाळ-संध्याकाळ! म्हणून तोंडाच्या तपासणीसाठी दुसराच प्रश्न ठेवला.

इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात मशीनला बोललेलं कळतच नाही, तिथं एक दाबा दोन दाबा हेच बरं. एआय एआय म्हणून उड्या मारणाऱ्यांना मी मागावर घेऊन जातो. आणि गाठ लागतीय, अंगावरून रक्त जातंय असं बाईनं सांगितलं की असिस्टंट सल्ला देत नाही, नर्सचा फोन लावून देतो. रिपोर्टही कधी सांगत नाही. एका गिऱ्हाईकानं रिपोर्टसुद्धा मशीननंच सांगावा म्हणून लई तगादा लावला, काम सोडलं पण ते केलं नाही.

पैशाचं म्हणाल तर पोट अजून दूध संस्थांवरच चालतंय. शिबिराचं काम कारखान्यांच्या सीएसआरवर (समाजकामासाठी काढलेल्या पैशावर), म्हणजे मार्चच्या तोंडाला सगळ्यांना एकदम घाई आणि बिल मात्र पावसाळ्यात. गिऱ्हाईकाला किती फोन लागले ते बघायचं असतंय, आम्ही मात्र किती बायका शिबिरात पोचल्या आणि पुढच्या तपासणीला बोलावलेल्यातल्या किती गेल्या हेच रिपोर्टात वर टाकतो, आकडा लहान दिसतो म्हणून नाराज झाले तरी.

सध्या गडहिंग्लजकडच्या गावांसाठी कन्नडमधून काम सुरू केलंय. तिकडचीच बोली बोलणारी, पन्नाशीच्या आसपासची, न लाजता पाळीबद्दल बोलेल अशी बाई पाहिजे. रेकॉर्डिंगचे पैसे रोख देतो, कुणाच्या ओळखीत असतील तर कळवा.