आमची वाटचाल : ट्रॉलीच्या पिनपासून बॉल हिचपर्यंत

इंदूरच्या सांवेर रोडवर बाबांनी शेड घेतली तेव्हा काम एकच होतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. हिच (गाडीमागे ट्रेलर जोडायची जोडणी) वगैरे कोणी म्हणत नव्हतं, ट्रॉलीच्या दांड्याला जाड कडी, ट्रॅक्टरच्या ड्रॉबारमध्ये (मागची, खालची ओढायची पट्टी) पिन, झालं काम. सोयाबीनच्या सीझनला देपालपूरकडचे शेतकरी रात्री दहाला पण यायचे, "भैय्या, कडी घिस गई", आणि बाबा ताटावरून उठून वेल्डिंगला बसायचे (आई अजून ऐकवते). त्यांचा हट्ट एकच, ओढायचं ते ड्रॉबारवरूनच. कोणी वर टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणारा दांडा) जागी साखळी अडकवून द्या म्हटलं की सरळ नाही म्हणायचे, कारण ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो.

मी धंद्यात आलो आणि मला बॉल हिचचं वेडच लागलं, म्हणजे गाडीमागे लोखंडी गोळा आणि त्यावर ट्रेलरच्या दांड्याची वाटी. जीपमागचे छोटे ट्रेलर, जनरेटर, नाश्त्याच्या गाड्या, सगळ्यांना बॉल. तिथेच आपटलो. एकाचा बाहेरून आणलेला ट्रेलर होता, कपलर (तीच बॉलवर बसणारी वाटी) दोन इंची, आम्ही लेथवर बॉल काढला 50 मिमीचा, म्हटलं एकच की! दोन इंच म्हणजे 50.8. बसला, लॉक पण लागला, आणि महू रोडला एका स्पीड ब्रेकरवर टुणकन बाहेर. सेफ्टी चेन खालून क्रॉस करून लावल्या होत्या म्हणून दांडा त्यांच्यावर तोलला, नाहीतर रस्त्यात रुतला असता. बाबा काहीच बोलले नाहीत, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणून माझ्या टेबलावर ठेवला फक्त.

आता आधी विचारतो कुठे चालणार आणि जोडणार कोण. खदानीत, कच्च्यावर असेल तर पिंटल हुक, त्यात गोल रिंग अडकते, खडखड फार करतो पण खड्ड्यात कितीही वाकडंतिकडं झालं तरी चालतं, लष्करी ट्रकांच्या मागे असतो तोच. चांगल्या रोडवर बॉल, आवाज नाही. शेतात अजून पिनच, कारण कपलरमध्ये चिखल भरला की लॉक लागत नाही. आणि वजनाचं तर रोजचंच, 1000 किलोचा ट्रेलर असेल तर 100 ते 150 किलो हिचवर यायला पाहिजेत, लोक जनरेटर पार मागे बसवतात, ट्रेलर शेपूट हलवतो आणि शिव्या आमच्या हिचला.

सध्या एकजण गूसनेक मागतोय. त्याचा बॉल पिकअपच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या वर बसतो, चेसिस उघडून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. गाडी सोमवारी येतेय.