घोंगडी का कापलीस?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते. दर दिवाळीला आत्या, दोन्ही काका, आणि आता आत्याची सूनसुद्धा: "आजोबांची घोंगडी त्या गोऱ्यांच्या झग्यासाठी का कापलीस?"

ते गोरे राजेरजवाडे नव्हते, हे आधी ऐका. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला हेर्योल्फ्सनेस नावाची नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाकडच्या लोकांची मध्ययुगातली वस्ती होती. १९२१ साली पॉल न्योर्लुंड या डॅनिश संशोधकानं तिथलं चर्चजवळचं दफनस्थान खणलं. शवपेटीला लाकूड मिळायची मारामार, म्हणून बरीचशी माणसं जुन्या कपड्यांतच गुंडाळून पुरलेली. गोठलेल्या मातीत ते कपडे टिकले. रोपट्यांची मुळं कापडातून आरपार गेलेली, तरी टिकले. मध्ययुगातल्या राजाराण्यांचे झगे चित्रांत हवे तेवढे बघा. पण साध्या माणसाचा वापरून विटलेला अंगरखा, टाक्यासकट, फार क्वचित उरतो. मला तो शिवायचा होता. बास.

त्यांचं कापड वादमाल. ताण्याला खाली दगड बांधलेल्या उभ्या मागावर विणलेली लोकर. आइसलंडात तर ते पैशासारखं चालायचं. बाजारातलं सूटिंग आणून पाहिलं, नुसतं लोळत होतं. मग पेटीतली घोंगडी दिसली. मेंढीची लोकर, हातमाग, खरखरीत पोत. शिवाय कसर लागून जाण्यापेक्षा बरं, असं मी स्वतःला सांगितलं. बाबांना विचारलं नाही. हो, नाहीच विचारलं.

या अंगरख्यांचा घेर कळ्यांनी, म्हणजे मधे जोडलेल्या त्रिकोणी तुकड्यांनी येतो. कुशीतल्या कळ्या शिवणीत बसतात, त्यांचं काही नाही. पण समोरच्या कळीला तिथे शिवणच नसते. अखंड कापडाला खालून मध्यापर्यंत चीर द्यायची आणि त्यात त्रिकोण बसवायचा. घोंगडीवर खडू उमटेना, म्हणून पांढऱ्या दोऱ्यानं रेघ टाचली. कात्री निम्म्यावर होती तेव्हा बाबा चहा घेऊन आले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी कप खाली ठेवला, गुडघे टेकले आणि पलीकडचा काठ ताणून धरला. "आता तिरकं नको जाऊ देऊस," एवढंच.

चिरेच्या टोकाशी सूत सुटायला लागलं. वादमाल ट्विल, जीन्सला असते तशी तिरप्या विणीचं, घट्ट. घोंगडी साध्या विणीची, आणि चिंचोक्याची खळ कधीच धुऊन गेलेली. मी टाके घालत गेले, धागे घसरत गेले. चहा तसाच राहिला.

तेव्हाची मी म्हणायचे, वापरायच्या वस्तूचा वापरच व्हावा, यात त्या लोकांचीच रीत आहे. अगं, पण त्यांच्या कळ्या आल्या त्या पन्हा अरुंद आणि तुकडा वाया घालवायचा नाही म्हणून! मी त्यांची कात्री उचलली, काटकसर तिथेच सोडली. आणि तरीही सांगते, पुन्हा तीच घोंगडी समोर आली तर माझा हात कात्रीकडे जाणार नाही, असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

अंगरखा झाला नाही. उरलेला मोठा तुकडा बाबा थंडीत पायांवर घेतात. चीर बरोबर गुडघ्यावर येते. ती मी आतून टाचून दिली आहे. पुढच्या दिवाळीला विचारायचंच असेल तर मला विचारा, त्यांच्यासमोर नको.