गृहभेट झाली, अहवाल कुठाय?

धाकट्या बहिणीच्या दोन्ही मुलांची बालसंगोपनची, म्हणजे आई किंवा वडील गेलेल्या मुलांना दरमहा मदत देणाऱ्या सरकारी योजनेची, फाइल गेल्या महिन्यात मंजूर झाली. मुलामागे महिन्याला २२५० रुपये. मेहुणे गेल्यावर ती धायरीत एका खोलीत राहते, ब्लाउज शिवते. रक्कम ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी शाळेच्या रिक्षाचं भाडं एकदा विचारून बघावं.

मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड हे आठवडाभरात जमलं. घरासमोर आई-मुलांचा पोस्टकार्ड साइज फोटो लागतो, तो आधीच काढून ठेवा.

अडलं ते गृहभेटीपाशी, म्हणजे घरची परिस्थिती बघायला येतात तिथे. तशी भेट झाली, अगदी नीट झाली. जूनमध्ये एक ताई आल्या, भाडेकरार पाहिला, भाचीचं प्रगतिपुस्तक चाळलं. सहा वर्षांच्या भाच्याला विचारलं, "रात्री कोणाजवळ झोपतोस?" त्यानं शिलाई मशीनकडे बोट केलं. आई उशिरापर्यंत शिवत बसते, हा तिच्या पायाशी झोपतो. ताईंचं पेन क्षणभर थांबलं.

त्यानंतर शुकशुकाट. त्या ताई म्हणायच्या, "अहवाल दिलाय." ज्या कार्यालयात तो जमा होतो तिथले म्हणायचे, "आलेला नाही." (कार्यालयाचं नाव लिहीत नाही.) ही दोन वाक्यं आम्ही दिवाळीपर्यंत ऐकली. दर खेपेला बहिणीचा अर्धा दिवस बुडायचा. "दादा, राहू दे ना आता," असं ती दोनदा म्हणाली.

माझं डोकं फिरलं आणि मी कायदा वाचायला घेतला. बाल न्याय अधिनियम, २०१५. सामाजिक तपासणी (ही गृहभेट आणि तिचा अहवाल त्यातच येतो) १५ दिवसांत, अंतिम आदेश ४ महिन्यांत, असं त्यात लिहिलंय. हा आदेश बालकल्याण समिती काढते; तिच्या कामाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. समितीच्या कामाचा आढावाही त्यांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचा असतो. पण त्या आढाव्यात प्रलंबित प्रकरणांचा आकडा जात असणार. आमची फाइल अहवालाविना 'अपूर्ण', म्हणजे प्रलंबितांतही तिची गणती नसणार!

शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज केला. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'उशीर का झाला' असं त्यात विचारू नका, स्पष्टीकरण मिळत नसतं. नोंद मागा: अहवाल कोणत्या तारखेला आवक झाला, आज कोणत्या टेबलावर आहे. सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. अहवाल जुलैतच आवक झाला होता. तो आमच्याच आडनावाच्या दुसऱ्या मुलाच्या फाइलला लागला होता.

ते उत्तर दाखवल्यावर कपाट उघडून कागद हातात यायला दहा मिनिटं लागली. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहिलेला अर्ज पिशवीतच राहिला, अजून आहे. पुढे समितीसमोर मुलांना नेलं, तिथे सगळे छान बोलले, आदेश निघाला.

हो, एक राहिलंच. पहिल्या अर्जाची पोच मी घेतली नव्हती, ती चूक माझी. शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अहवाल सापडला त्या दिवशी कार्यालयातून निघताना मी तिथल्यांना विचारलं, "ज्या फाइलमध्ये आमचा अहवाल लागला, त्या मुलाच्या घरी गृहभेट झाली होती का?"

"ते तुम्हाला सांगता येत नाही," ते म्हणाले. नियमाला धरूनच होतं.