५४ टक्क्यांचा अर्ज

गेल्या आठवड्यात राजारामपुरीहून माझ्या आतेभावाचा फोन आला. त्याचे इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष चालू आहे, दुसऱ्या वर्षी एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला होता आणि सरासरी अजून साठीच्या खालीच आहे. "दादा, एवढ्या मार्कांवर अमेरिकेत एम.एस.ला दारात तरी उभं करतील का रे?" असे त्याने विचारले. मी स्वतः कोल्हापुरातून ५४ टक्के आणि दोन केटी (राहिलेले विषय) घेऊन इथे अमेरिकेत आलो असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिकच होते. फोनवर जे नीट सांगता आले नाही, ते इथे लिहितो.

माझी पहिली चूक भागाकाराची होती. इथे गुण चारपैकी मोजतात, म्हणून मी ५४ ला २५ ने भागले, २.१६ हा आकडा काढला आणि बहुतेक विद्यापीठे किमान ३.० मागतात हे वाचून दोन महिने एकही अर्ज उघडला नाही. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते आणि हे इथल्या प्रवेश समित्यांना ठाऊक असते, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. गुणपत्रिकांचे मूल्यमापन करणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्था प्रत्येक विषयाचे गुण आपल्या श्रेणीपद्धतीनुसार वेगळे बदलतात आणि मग सरासरी काढतात. त्या हिशेबाने माझा आकडा २.८ च्या जवळ आला. तो तीनच्या खालीच होता, पण २.१६ नव्हता. शिवाय अनेक विद्यापीठे अर्जदाराने स्वतः रूपांतर करू नये, गुणपत्रिकेवर असतील तेच गुण भरावेत, असे स्पष्ट सांगतात. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

किमान ३.० ही अट बहुधा विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलची (पदव्युत्तर प्रवेश पाहणाऱ्या मध्यवर्ती कार्यालयाची) असते, तर निवड विभाग करतो. विभागाला एखादा विद्यार्थी हवा असेल, तर तो ग्रॅज्युएट स्कूलकडे अपवादाची शिफारस करू शकतो. काही ठिकाणी शेवटच्या ६० क्रेडिटची, म्हणजे ढोबळमानाने शेवटच्या दोन वर्षांची, सरासरी वेगळी पाहतात. मी तीन विभागांच्या समन्वयकांना चार ओळींचे पत्र लिहून सरळ विचारले होते. एकाने उत्तर दिले नाही, दुसऱ्याने नम्रपणे नकार कळवला आणि तिसऱ्या बाईंनी लिहिले की अर्ज जरूर करा, पण मधल्या काळात काय केले ते आम्हाला दिसले पाहिजे. अर्जाची फी भरण्याआधी मिळालेले हे उत्तर मला फार उपयोगी पडले.

मधल्या काळात मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, नोकरी केली होती. अर्जासोबतच्या उद्देशपत्राच्या (स्टेटमेंट ऑफ पर्पज) पहिल्या मसुद्यात मात्र फौंड्री चार ओळींत आटोपली होती आणि कमी गुणांची कारणे पानभर होती: वडिलांचे आजारपण, रोजचा बसचा प्रवास, मराठी माध्यम. कारणे खरी होती, पण ती वाचून समितीला माझी दया आली असती, भरवसा वाटला नसता. शेवटी गुणांविषयी दोनच वाक्ये ठेवली: दुसऱ्या वर्षी गणितात नापास झालो, नंतर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर) संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा १२ आठवड्यांचा कोर्स करून त्याची परीक्षा दिली. उरलेली सगळी जागा वाळूला दिली.

कोल्हापूरच्या पावसात नवी वाळू ओलीच येते. साच्याच्या वाळूत ओल प्रमाणाबाहेर गेली की ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेने तिची वाफ होते, ती बाहेर पडू शकली नाही की कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लो होल, म्हणजे वाफेची पोकळ भोके, राहतात, आणि दोष दिसतो तो मशीनिंगला गेल्यावर, म्हणजे सगळा खर्च होऊन गेल्यावर. आमचे मेस्त्री मुठीत वाळू दाबून, ती मोडून ओल सांगत असत. मी दर पाळीला ओलाव्याचे माप वहीत लिहू लागलो आणि त्याच्यासमोर त्या दिवसाचे रिजेक्शन (बाद झालेले भाग) मांडू लागलो. दोन पावसाळ्यांच्या त्या नोंदींचा एक आलेख मी उद्देशपत्रात शब्दांत मांडला. मेस्त्रींची मूठ किती वेळा बरोबर ठरली, तेही लिहिले. (बहुतेक वेळा ठरली होती.)

शिफारसपत्रे तीन लागली. आपल्याकडे सर "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणतात, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही; पण अशी पत्रे एकसारखी दिसतात आणि विद्यापीठ पत्र थेट शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवरूनच मागवते. मी दोन पत्रे प्राध्यापकांची आणि एक फौंड्रीच्या वर्क्स मॅनेजरांचे घेतले. त्यांचे इंग्रजी अडखळत होते, तरी त्यांनी वहीविषयी स्वतः लिहिले, ते मला फार मोलाचे वाटते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा काही विभागांनी आता काढून टाकली आहे, तर काही ठिकाणी गुण पाठवले तरी पाहत नाहीत; पण जिथे पाहतात, तिथे कमी टक्केवारीच्या माणसाने गणिताच्या भागात चांगले गुण दाखवणे शहाणपणाचे. मला १७० पैकी १६५ मिळाले होते.

एका सल्लागाराने मला नापास झालेल्या सत्राची गुणपत्रिका अर्जाला जोडूच नको, असे सुचवले होते. हे चुकूनही करू नये. प्रवेशानंतर अधिकृत ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडे जातेच आणि लपवाछपवी उघड झाली तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

सात अर्जांपैकी सहांचे नकार आले. सातवा होकार त्याच बाईंच्या विभागाचा होता, तोही सशर्त: पहिल्या नऊ क्रेडिटमध्ये, म्हणजे तीन विषयांत, सरासरी ३.० राखायची. त्या सत्रात मी रंकाळ्याची आठवणही काढली नाही. डिसेंबरात अट उठल्याचे दोन ओळींचे ईमेल आले, तेव्हा घरी कळवून झाल्यावर मेस्त्रींना फोन केला.

"तिकडं वाळू कशी असते?" त्यांनी विचारले.

"प्रयोगशाळेत पिशवीतनं येते, मेस्त्री. एकदम कोरडी."

"मग तुला तिथं काय शिकवणार?" असे म्हणून ते हसले, आणि भट्टी उतरायची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.