ट्रंक, किल्ली आणि दोन लेखक

रविवार, रात्र. इंदूर.

श्रावण सरत आला की राजवाड्यापासून लोकमान्यनगरपर्यंत मंडळांना गणपतीसाठी अर्ध्या तासाचं प्रहसन हवं असतं. मग लिहिणाऱ्यांत जुना वाद सुरू होतो: एकट्यानं बसायचं की जोडीदार घ्यायचा? माझं मत एव्हाना पक्कं झालंय. सांगाडा दोघांनी रचावा, पहिला खर्डा एकेकट्यानं लिहावा आणि कात्री पुन्हा दोघांनी चालवावी.

उदाहरणादाखल एक कल्पना घेऊ. आजीची जुनी ट्रंक भंगारवाल्याला गेली, आणि घरातल्या प्रत्येकानं तिच्यात गुपचूप काहीतरी ठेवलं होतं. संवादाची एकही ओळ लिहिण्याआधी ठरवायचं ते एवढंच: कोणी काय लपवलं, कोणाचं कोणाला ठाऊक आहे आणि ते कोणत्या क्रमानं फुटतं. इथे दुसरं डोकं लागतंच. "पण मग सून सरळ भंगारवाल्याला फोन का नाही करत?" एवढं जोडीदारानं विचारलं की प्रवेश जागीच थांबतो. एकटा माणूस हा प्रश्न स्वतःला विचारत नाही, कारण त्याला पुढचा विनोद खुणावत असतो. दोन-दोन तासांच्या दोन बैठका पुरतात. त्यापुढे लेखन कमी आणि गप्पा जास्त होतात.

रे गाल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन ही ब्रिटिश विनोदी लेखकांची जोडी टीबीच्या सॅनेटोरियममध्ये भेटली. पुढे वर्षानुवर्षं बीबीसीसाठी दोघं एकाच खोलीत बसून लिहायचे. टाइपरायटरवर सिम्प्सन, आणि ओळ दोघांना पटल्याशिवाय कागदावर जायची नाही. पद्धत उत्तम, पण त्यांचा तो पूर्णवेळ धंदा होता. इथे ऑफिस सुटल्यावर, जेवणं उरकून वही उघडणाऱ्यांनी तसं करायचं म्हटलं तर प्रहसन दिवाळीत तयार होईल.

म्हणून प्रवेश वाटून घ्यायचे. एकट्याच्या लेखनातला पहिला दोष म्हणजे सगळी पात्रं लेखकासारखी बोलतात. पात्रांच्या नावांवर कागदाची पट्टी ठेवून कोणाला तरी पान वाचायला द्यावं. कोण बोलतंय हे कळलं नाही तर ते पान पुन्हा लिहायचं. आपल्याकडे एक पळवाट फार चालते: नातवाच्या तोंडी दर वाक्यात 'भिया' (इंदुरी बोलीतला 'भैया') घातला की झालं पात्र! त्यानं फक्त बोली वेगळी होते. नातवाला ट्रंक का हवी आणि ते तो कोणापासून लपवतोय, हे त्याच्या वाक्यात उतरायला हवं.

दुसरा दोष जास्त घातक. स्वतःचा विनोद दहाव्यांदा वाचताना शिळा वाटतो. मग चांगली ओळ खोडली जाते आणि आज सुचलेली सुमार ओळ राहते. पहिल्यांदा स्वतःला हसू आलं तिथे समासात बारीक खूण करावी. खुणेची ओळ दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकल्याशिवाय काढू नये.

मग वाचन. जोडीदारानं मोठ्यानं वाचायचं आणि लिहिणाऱ्यानं पेन्सिल घेऊन गप्प बसायचं. खुलासे करायचे नाहीत. जिथे वाचणारा अडखळतो तिथे नटही अडखळणार. समजा जावई म्हणतो, "माझं त्यात काहीच नव्हतं, पण किल्ली मात्र माझ्याकडे आहे." हशा 'किल्ली'वर फुटतो आणि उरलेले शब्द त्याखाली चिरडतात. बदलून बघा: "माझं काय असणार त्यात? माझ्याकडे आहे ती फक्त किल्ली." आता हशाला मोकळी जागा मिळते. डोळ्यांनी वाचताना हा फरक सहसा दिसत नाही. कानाला लगेच कळतो.

वेळही याच वाचनात मोजावी. अर्ध्या तासाच्या प्रहसनाचं वाचन चोवीस-पंचवीस मिनिटांत संपायला हवं. बाकीचा वेळ हशा, एंट्र्या आणि सामानाची हलवाहलव खाते.

जोडीचे दोष वेगळे. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खाताना जे भन्नाट वाटतं, ते बहुधा त्या दोघांपुरतंच असतं. जे समजायला आदला किस्सा माहीत असावा लागतो ते मंचावर पडतं. दुसरा दोष भिडेचा. दोघांचे दोन पंच (हशा काढणाऱ्या ओळी), कोणाचं मन मोडायचं नाही म्हणून दोन्ही ठेवले, की दुसरा पहिल्याला मारतो आणि स्वतःही मरतो. एका जागी एकच पंच. ठाम नकार असेल त्याचं ऐकायचं आणि वगळलेली ओळ वहीच्या मागच्या पानावर टाकायची. पाच मिनिटांत तोडगा निघाला नाही तर कंसात 'इथे पंच' लिहून पुढे सरकावं. शेवट ठरला की अशा निम्म्या जागा आपोआप भरतात.

राहिला नावाचा प्रश्न. कोणाचं लिखाण कुठलं हे वेगळं काढता येत नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती संयुक्त कृती ठरते. तिचा हक्क शेवटी हयात असलेल्या लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. तेव्हा कोणाची किती वाक्यं हे मोजत बसू नये. नावांचा क्रम, मानधनाची समान वाटणी, एकानं मध्येच सोडलं तर काय आणि दुसऱ्या मंडळानं संहिता मागितली तर होकार कोणी द्यायचा, हे सगळं पहिल्याच बैठकीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून दोघांनी खाली सह्या कराव्यात.