अण्णांच्या खिशातली गोळी आणि माशाचं रक्त

बॉस्टनमधे रात्रीचे नऊ वाजलेत, म्हणजे सांगलीत सकाळचे साडेसहा, अण्णा आत्ता कृष्णेच्या घाटावरून फिरून येत असतील आणि मी लॅबमधे मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलीये कारण माझी अंडी आज ३६ तासांची झाली. झेब्राफिशची अंडी. मासा मूळचा आपल्याच बाजूचा हं, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, आणि पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं.

काल अण्णांनी फोनवर विचारलं, "तिथं नेमकं काय करालीस गं बाळा?" दरवेळी "रक्तावर काम आहे" म्हणून सोडून देते, काल नीट सांगितलं.

मोठ्या माणसाचं रक्त बोनमॅरोमधे, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, बनतं हे खरं, पण आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या ज्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, त्या गर्भात मॅरो तयार व्हायच्या आधीच जन्मतात, आणि त्या कुठे तर महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या, भिंतीत! भिंतीतलीच एखादी पेशी वाकते, फुगते आणि सुटून निघून जाते. जिवंत माशात हे होताना २०१० मधे पहिल्यांदा बघितलं गेलं. मी कितीदा बघितलंय तरी अजून अंगावर काटा येतो.

आता हे घडवतं कोण? शेजारच्या पेशींचे निरोप असतातच, पण मला सगळ्यात भारी वाटतो तो प्रवाह. हृदय धडधडायला लागलं की रक्त भिंतीला घासत जातं आणि त्या घासण्याने भिंत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते. २००९ मधे ज्यांचं हृदय धडकतच नाही असे मासे तपासले तर त्यांच्यात या स्टेम सेल फार कमी, पण पाण्यात नायट्रिक ऑक्साइड देणारं औषध घातलं तर हृदय बंद असूनही त्या परत दिसायला लागल्या.

"अण्णा, तुमच्या खिशात ती जिभेखाली ठेवायची गोळी असते ना, ती पण शरीरात हेच सोडते, त्यानेच नस सैल होते."

ते बराच वेळ गप्पच.

त्याआधी २००७ मधे इथेच बॉस्टनमधे सुमारे २,५०० रसायनं तपासून प्रोस्टाग्लँडिन ई-टू हे शरीरातच बनणारं एक रसायन सापडलं होतं, त्यानेही माशांत या पेशी वाढतात. नाळेच्या रक्तात स्टेम सेल असतात पण मोठ्या पेशंटला पुरतील एवढ्या बहुतेकदा नसतात, म्हणून त्या वाढवू शकणाऱ्या या निरोपांचा एवढा शोध. मॅरो जुळणारा डोनर मिळत नाही म्हणून वाट बघणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिलीयेत, मी तरी पाहिलंय.

अण्णांचा जन्म नदीवरून शेतात पाणी नेणाऱ्या पाइपलाइनी जोडण्यात गेला, त्यांनी शेवटी विचारलं, "पेशी भिंतीतनं सुटली म्हंजे तिथं भोक पडून गळत न्हाई व्हय?"

नाही अण्णा, ती वाकायला लागते तेव्हाच दोन्हीकडच्या पेशी तिच्यामागे सरकून एकमेकींना चिकटतात, ती सुटेपर्यंत जोड पक्का झालेला असतो. आत्ता समोर तेच चाललंय, व्हिडिओ पाठवते.