एकाच दागिन्यात दोन कॅरेट

गेल्या आठवड्यात एका बाईंनी कानातल्यांची जोडी माझ्यासमोर ठेवली. सगळं २२ कॅरेट, काम सुंदर, पण दोन्ही दांड्या वाकलेल्या आणि आटे इतके झिजलेले की फिरकी दोन वेढे घेते न घेते तोच सटकते. एक फिरकी तर हरवलीच होती. मी म्हटलं दांड्या १८ कॅरेटच्या लावू, तर त्या एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माझ्या सोन्यात हीण घालणार?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की आज नीट लिहायचंच ठरवलं. आणि प्रश्न रास्त आहे बरं का, कारण वेगवेगळे कॅरेट एकत्र करून फसवणारेही असतातच, त्यामुळे माणूस बिचकला तर त्याचं काय चुकलं.

आधी मुळात काय होतं ते बघू. चोख सोनं इतकं मऊ असतं की पातळ पत्रा बोटांनी वाकतो. त्यात तांबं, चांदी वगैरे घातली की ते कडक होतं. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५ (हिशोबाने ५८३ येतात पण शिक्का ५८५चा असतो). आता दागिन्याच्या प्रत्येक भागाचं काम वेगळं आहे ना. दांडीला रोज फिरकीचे आटे सोसायचे असतात, हुकाला स्प्रिंगसारखं दबून परत जागेवर यायचं असतं, खडा धरणाऱ्या नख्यांना कपड्यात अडकून पण वाकायचं नसतं. ही सगळी कामं २२ कॅरेटला जड जातात. उलट खड्याभोवतीचं कोंदण पूर्ण गोल पट्टीचं असेल तर तिथे मला २२च आवडतं, कारण पट्टी मऊ असली की खड्यावर अलगद दाबली जाते, नाजूक खड्याला चीर जायची भीती कमी. म्हणजे अंगठी १८ची आणि कोंदण २२चं, किंवा कानातलं २२चं आणि दांडी १८ची. यात लपवाछपवी नाही, जिथे जे टिकतं तिथे ते लावायचं एवढंच.

अजून एक गैरसमज रंगाचा. गुलाबी सोनं म्हणजे हलकं सोनं असं खूप जणांना वाटतं. तसं नाहीये. १८ कॅरेट पिवळं, १८ कॅरेट गुलाबी आणि १८ कॅरेट पांढरं, तिन्हीत सोनं सारखंच, ७५ टक्के. उरलेल्या २५ टक्क्यांत काय घातलंय त्यावर रंग ठरतो, तांबं जास्त तर गुलाबी, पॅलॅडियम किंवा निकेल घातलं तर पांढरं. त्यामुळे दोन रंगांचा दागिना म्हणजे दोन कॅरेटचा दागिना असं धरून चालू नका, आणि एकरंगी दिसतोय म्हणजे एकाच कॅरेटचा आहे असंही समजू नका.

जोडकाम करताना खरी कसोटी लागते. २२ आणि १८ जोडायचे तर डाग, म्हणजे सांधा जोडायला वितळवतात तो धातू, असा हवा की तो दोन्हींच्या आधी वितळेल, म्हणून मी १८च्या हिशोबाचा डाग घेते. टाकणखार लावायचा आणि ज्योत आधी जाड भागावर फिरवायची, बारीक दांडीवर थेट मारली की ती डोळ्यादेखत गोळा होऊन बसते. डाग जिकडे जास्त उष्णता तिकडे धावतो, तो चमकून सांध्यात शिरला की त्याच क्षणी ज्योत बाजूला. नंतर कानस मारताना पण हात जपून चालवावा लागतो, कारण सांध्यावरून कानस सरळ फिरवली तर मऊ बाजू जास्त खाल्ली जाते आणि तिथे बारीक पायरी पडते. नुसत्या डोळ्याला कदाचित दिसणार नाही पण नखाला लागते. मी शेवटी नखच फिरवून बघते.

आणि कानस मारताना पडणारा सोन्याचा कीस! २२चा कीस वेगळ्या ट्रेमध्ये, १८चा वेगळ्या. शिकायला लागले तेव्हा मी जिथे काम करायचे तिथे सगळा कीस एकाच खणात पडायचा, मग कुणीतरी तो २२ समजून मुशीत (सोनं वितळवायच्या भांड्यात) टाकायचं आणि नंतर तार ओढताना तिला चिरा पडल्या की सगळे एकमेकांकडे बघायचे. काही हुकांमध्ये स्टीलची बारीक स्प्रिंग असते, ती वितळवण्याआधी काढली नाही तर तीही आत जाते. म्हणून मी आता मोडीवर, म्हणजे वितळवायला आलेल्या जुन्या सोन्यावर, आधी लोहचुंबक फिरवते.

वितळवण्यावरून आठवलं. माझ्याकडचं १८चं आहे त्यात थोडं चोख घाला आणि २२ करून द्या असं लोक अगदी सहज म्हणतात. करून बघा हिशोब. १० ग्रॅम १८ कॅरेटमध्ये साडेसात ग्रॅम सोनं आहे. ते २२ करायला किती चोख सोनं लागेल? २० ग्रॅम. दुप्पट! तेव्हा कुठे ३० ग्रॅममध्ये साडेसत्तावीस ग्रॅम सोनं होतं. उतरवणं मात्र सोपं, १२ ग्रॅम २२ कॅरेटमध्ये फक्त पावणेतीन ग्रॅमच्या आसपास हीण पडलं की १८ तयार. कस चढवायला इतकं लागतं आणि उतरायला इतकंसं, म्हणूनच एकदा मिसळलं की मिसळलं, आणि म्हणून मी वेगळ्या कॅरेटची मोड कधीच एका मुशीत टाकत नाही.

आता विक्रीचं, जिथे खरी गडबड होते. त्या बाईंच्या कानातल्यांचंच घ्या. जोडी ८ ग्रॅमची, त्यात दोन्ही दांड्या मिळून अर्धा ग्रॅम. दांड्या १८च्या केल्या तर चोख सोन्यात फरक पडतो सुमारे ८३ मिलिग्रॅमचा. किरकोळच, पण तो त्यांचा आहे, माझा नाही. आता समजा २० ग्रॅमची २२ कॅरेट चेन आहे आणि तिला १० ग्रॅमचं १८ कॅरेट पेंडंट कायमचं जोडलंय, आणि बिलात सरसकट ३० ग्रॅम २२ कॅरेट लिहिलं. तर गिऱ्हाईक दागिन्यात नसलेल्या दीड ग्रॅमहून जास्त सोन्याचे पैसे देऊन घरी जातं. याला मी चोरीच म्हणते. सरासरी काढून एकच कॅरेट लिहिणं पण मला पटत नाही, कारण पुढे दागिना मोडायला नेला की समोरचा हूक तपासतो, कॅरेट तपासायच्या मशीनवर १८ येतं आणि तो सगळाच दागिना १८चा धरतो. मशीनला वरचा पातळ थर दिसतो, तोही जिथे ठेवलं तेवढ्याच जागेचा. तेव्हा तपासताना दोन-तीन ठिकाणी तपासायला सांगा, चेनची कडी वेगळी, हूक वेगळा, पेंडंट वेगळं. डागाच्या जागेवर तर तपासूच देऊ नका, तिथे कमीच येणार.

माझा नियम असा की जोडायच्या आधी प्रत्येक भागाचं वजन करायचं. जोडल्यावर कुठलाच काटा तुम्हाला वेगवेगळं वजन सांगू शकत नाही, त्यामुळे ही एकच वेळ असते. घडणावळही भागाभागाने वेगळी लिहिते.

हे सगळं त्या बाईंना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी स्वतः मोबाईलवर गुणाकार करून बघितला, दोनदा. मग म्हणाल्या, लावा. जुन्या दांड्या आणि उरलेली फिरकी काट्यावर ठेवून त्यांच्यासमोर वजन केलं आणि पुडीत बांधून परत दिली, नव्या फिरक्यापण १८च्याच केल्या म्हणजे आटे एकमेकांना खाणार नाहीत. डबीत चिठ्ठी ठेवलीये: कानातली २२ कॅरेट ७.५० ग्रॅम, दांड्या १८ कॅरेट ०.५० ग्रॅम, फिरक्या १८ कॅरेट, वजन वेगळं. उद्या त्यांची मुलगी ती डबी घेऊन दुसऱ्या कुणाकडे गेली तरी तिला माझं नाव सांगायची गरज पडणार नाही, चिठ्ठी आणि काटा पुरेल.